अढळपदाचा शोध

ध्रुवबाळानें तपश्चर्या करून अढळपद मिळविलें, ही कथा महाराष्ट्रांतील मुलें आजीच्या तोंडून ऐकत आलीं आहेत. ज्योतिषशास्त्रानें मात्र या कथेला एक अप्रिय पुरवणी जोडली आहे. पृथ्वीचा अक्ष फिरत्या भोंवऱ्याच्या आरीप्रमाणें डुलतो आणि सुमारें २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करितो; त्यामुळें आज ज्या ताऱ्यास ध्रुव म्हणतात तो त्या जागीं पूर्वीं नव्हता व पुढेंही राहणार नाहीं. आकाशांतला ध्रुव जर ढळतो, तर पृथ्वीवर तरी अशी एखादी जागा आहे काय, कीं जी अचल मानून बाकीच्या सर्व जागा तिच्यापासून मोजाव्या? प्रश्न वरवर पाहतां तत्त्वज्ञानाचा वाटतो. परंतु दर्यावर्दी, नकाशे काढणारे आणि घड्याळें लावणारे यांच्या दृष्टीनें तो रोजच्या व्यवहाराचा आहे. इंग्लंडांतील एका वेधशाळेनें या प्रश्नाचें उत्तर दोन वेळां दिलें. पहिलें उत्तर दगडाचें होतें, दुसरें प्रकाशाचें. वेधशाळा पुढें बंद पडली. परंतु दुसरें उत्तर देणारें तिचें लहानसें ठाणें चालूच राहिलें. असें कां झालें, हें समजून घेण्यासारखें आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें १६७५ सालीं ग्रीनिच येथील टेकडीवर वेधशाळा स्थापन केली आणि जॉन फ्लॅमस्टीड यास पहिला राजज्योतिषी नेमलें. हेतु ज्ञानाचा होता, तसाच व्यापाराचाही होता. भर समुद्रांत जहाजाचा रेखांश कळत नसल्यामुळें माणसें व माल बुडत होता. ताऱ्यांचीं स्थानें नेमकीं ठरविलीं तर रेखांश काढण्याची वाट सांपडेल, ही आशा त्यामागें होती. पुढें जॉर्ज एअरी या राजज्योतिष्यानें दगडी खांबांवर एक मोठी दुर्बीण बसविली. ती इकडे तिकडे वळत नसे; फक्त दक्षिणोत्तर रेषेंतच वरखालीं फिरे. तारा त्या रेषेवर आला कीं घड्याळांतली वेळ टिपावयाची, एवढेंच तिचें काम. १८५१ च्या जानेवारींत तिच्यांतून पहिले वेध घेतले गेले. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें याच दुर्बिणीच्या मध्यांतून जाणारी रेषा सर्व जगाचें मूळ याम्योत्तर म्हणून मान्य केली. पुढें हळूहळू जगांतील प्रत्येक गांवाचा रेखांश त्या दगडी खांबांपासून मोजला जाऊं लागला.

या रेषेचा धागा मुंबईपर्यंतही येऊन पोंचला. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबई शहरानें मात्र आपली ३९ मिनिटें मागें असलेली स्थानिक वेळ सहजासहजीं सोडली नाहीं. पालिकेच्या कारभारांत ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. आपला सूर्य आपल्या डोक्यावर येतो तीच आपली दुपार, हा मुंबईकरांचा अभिमान होता. त्याला उत्तर होतें तें एवढेंच, कीं सर्वांनीं एकाच खांबापासून मोजावें. कारण तो खांब हलत नाहीं.

तो खांब खरोखरच हलत नव्हता काय? शंका पुढें येण्यास फार दिवस लागले नाहींत. १८८८ मध्यें जर्मनींतील क्यूस्टनर यानें दाखवून दिलें, कीं बर्लिनचा अक्षांश अगदीं थोडा, पण निश्चितपणें बदलतो. १८९१ मध्यें अमेरिकेंतील चँडलर यानें त्या बदलाचा कालावधि शोधून काढला. पृथ्वी ज्या बिंदूंभोंवतीं फिरते ते ध्रुवबिंदूच तिच्या पृष्ठावर कांहीं मीटरांच्या वर्तुळांत भटकत असतात, असा याचा अर्थ होता. १९५५ मध्यें इंग्लंडांत सीझियमचें आण्विक घड्याळ सुरू झालें, आणि पृथ्वीचें रोजचें फिरणेंही एकसारखें नसतें, ती कधीं किंचित मंद तर कधीं किंचित जलद होते, हें बारकाईनें मोजतां येऊं लागलें. जिच्यावरून घड्याळें लावावयाचीं तीच आतां घड्याळांकडून तपासली जाऊं लागली.

दरम्यान लंडनचा धूर व दिवे यांनीं ग्रीनिचचें आकाश मलिन झालें होतें. म्हणून १९४६ मध्यें ससेक्स परगण्यांतील हर्स्टमन्सू येथील पंधराव्या शतकांतला विटांचा किल्ला वेधशाळेसाठीं विकत घेण्यांत आला. १९४८ पासून पुढें दहा वर्षें हें स्थलांतर चाललें होतें. गांव नवें, पण नांव जुनेंच राहिलें; ‘राजकीय ग्रीनिच वेधशाळा’ ग्रीनिचपासून दूर, शेतांच्या व कुरणांच्या मधोमध नांदूं लागली. दुसरें उत्तर जन्मास आलें तें येथें.

त्याचें मूळ मात्र अमेरिकेंत होतें. १६ मे १९६० रोजीं थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण निर्माण केला. दिव्याचा प्रकाश चोहोंकडे फांकतो. लेसरचा प्रकाश एका दिशेनें, एका रंगाचा आणि क्षणाच्या अत्यंत लहान अंशापुरता सोडतां येतो. असा एक स्पंद आकाशांतील उपग्रहाकडे पाठवावा, उपग्रहावरील आरशानें तो परत पाठवावा, जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजावा, त्याची निमपट करून प्रकाशाच्या गतीनें गुणावें, कीं अंतर हातीं आलें. तत्त्व इतकें सोपें आहे, कीं प्रतिध्वनीवरून डोंगराचें अंतर काढणाऱ्या शाळकरी मुलासही तें कळावें. ऑक्टोबर १९६४ मध्यें अमेरिकेनें ‘एक्स्प्लोरर २२’ हा परावर्तक बसविलेला उपग्रह सोडला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस गॉडर्ड केंद्रांतील हेन्री प्लॉटकिन यांच्या मंडळीनें त्यावरून परतलेला लेसरचा प्रकाश पकडला. त्या वेळीं मोजणींत कांहीं मीटरांची चूक राही.

येथें परावर्तकाचें एक वैशिष्ट्य सांगितलें पाहिजे. साधा आरसा किंचित कलला तरी प्रकाश भलतीकडेच फेंकतो. परंतु खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशीं मिळतात, तसे तीन आरसे काटकोनांत जुळविले, तर त्यांवर कोणत्याही दिशेनें आलेला किरण ज्या दिशेनें आला त्याच दिशेनें मागें फिरतो. अशा कांचेच्या कोपऱ्यांनीं भरलेला एक गोल अमेरिकेनें ४ मे १९७६ रोजीं आकाशांत सोडला. त्याचें नांव ‘लॅजिओस’. व्यास अवघा ६० सेंटिमीटर, पण वजन सुमारें ४०७ किलोग्रॅम; आंत पितळ, बाहेर ॲल्युमिनियम, आणि अंगावर ४२६ परावर्तक. त्यांत यंत्र नाहीं, विजेरी नाहीं, बिघडण्यासारखें कांहींच नाहीं. सुमारें ५,९०० किलोमीटर उंचीवर, हवेच्या अडथळ्याच्या पलीकडे, तो मुकाट्यानें प्रदक्षिणा घालीत असतो. लहान व जड असल्यामुळें सूर्यप्रकाशाच्या रेट्याचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाहीं. दगडी खांबापेक्षां भरंवशाची खूण शास्त्रज्ञांना मिळाली ती अशी, सतत फिरणाऱ्या एका गोळ्यांत.

पृथ्वीचें फिरणें ताऱ्यांच्या वेधांनीं मोजावें, कीं लेसरनें, कीं दूरच्या रेडिओ-स्रोतांवरून, याची कसोटी पाहण्यासाठीं ‘मेरिट’ नांवाची आंतरराष्ट्रीय मोहीम योजली गेली. तिची धुरा वाहणारे जॉर्ज विल्किन्स हे हर्स्टमन्सूच्या वेधशाळेंतीलच होते. मोहिमेचे मुख्य वेध सप्टेंबर १९८३ ते ऑक्टोबर १९८४ या काळांत झाले, आणि हर्स्टमन्सूचें लेसर-ठाणेंही १९८३ मध्येंच कामास लागलें. मोहिमेचा कौल स्पष्ट होता. १ जानेवारी १९८८ पासून पृथ्वीच्या भ्रमणाची नोंद ठेवणारी नवी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, आणि ताऱ्यांचे डोळ्यांनीं वा छायाचित्रांनीं घेतलेले वेध त्या कामांतून निवृत्त झाले. फ्लॅमस्टीडपासून चालत आलेली विद्या तीनशें वर्षांनीं खालीं ठेवली गेली. आणि ती खालीं ठेवण्याचा पुरावा तिच्याच वारसांनीं गोळा केला, ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासांत भूषणावह मानली पाहिजे.

ठाण्यावरचें काम कसें चालतें तें पाहूं. उपग्रह कोणत्या क्षणीं कोठें असेल याचें गणित अगोदर केलेलें असतें. त्या दिशेस दुर्बीण वळते आणि उपग्रहाच्या मागोमाग हळूहळू फिरूं लागते. हिरव्या प्रकाशाचे स्पंद आकाशांत जाऊं लागतात. रात्रीं धुकट हवेंत तो किरण ताणलेल्या दोऱ्यासारखा दिसतो. लॅजिओस डोक्यावर असेल तर प्रकाशास जाऊन येण्यास सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाइतका काळ लागतो. तेवढा काळ संपण्याच्या सुमारास ग्राहकयंत्राचें दार क्षणभर उघडतें व मिटतें. एरवीं आकाशाचा भटका प्रकाश आंत शिरावयाचा. पडद्यावर प्रथम विस्कळीत ठिपके दिसतात. मग त्या गर्दींतून एक बारीक रेषा उमटूं लागते. ती रेषा म्हणजे उपग्रहावरून परतलेले प्रकाशकण. ती दिसली कीं वेधकर्ता दुर्बीण किंचित सरकवून ती ठळक करतो, आणि पुरेसे कण मिळाले कीं दुसऱ्या उपग्रहाकडे वळतो. ढग आले कीं काम थांबतें. विमान आलें तरीही थांबतें. वैमानिकाच्या डोळ्यांस इजा होऊं नये म्हणून रडारनें आकाशावर पहारा ठेवलेला असतो आणि विमान झोताच्या वाटेवर येतांच लेसर बंद होतो. दिवसाही हें काम चालतें, कारण नेमका रंग आणि नेमका क्षण माहीत असल्यामुळें सूर्यप्रकाशांतूनही आपला कण निवडून काढतां येतो.

यांत मोजणीची सूक्ष्मता केवढी लागते! प्रकाश सेकंदास २,९९,७९२ किलोमीटर धांवतो. अंतरांत एका सेंटिमीटराची चूक होऊं द्यावयाची नसेल, तर सेकंदाचे पंधराशें कोटी भाग करून त्यांतला एक भाग ओळखतां आला पाहिजे. शिवाय वाटेंत हवा आहे. डोक्यावरची हवा अंतर सुमारें २.४ मीटर अधिक असल्याचा भास निर्माण करिते. म्हणून प्रत्येक वेधाबरोबर हवेचा दाब, उष्णमान व आर्द्रता नोंदवावी लागते. वायुभारमापक एका मिलिबारानें चुकला तर अंतर दोन मिलिमीटरांहून अधिक चुकतें. ठाण्याजवळ ज्ञात अंतरावर ठेवलेल्या लक्ष्यावरही वरचेवर प्रकाश टाकून यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. सोनार आपल्या काट्याचा तोल जसा पुन्हां पुन्हां पाहतो, तसेंच हें आहे.

हर्स्टमन्सूच्या मंडळीनें पाळलेला एक नियम ऐकून नवख्यास आश्चर्य वाटेल. एका स्पंदांतून लक्षावधि अब्ज प्रकाशकण निघतात, आणि परत येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असें असतां परतणारा प्रकाश ते मुद्दाम काळसर कांचेनें आणखी मंद करितात, इतका कीं साधारणपणें दहा स्पंदांमागें एकच कण नोंदला जावा! कारण असें, कीं लॅजिओस हा गोल आहे. अनेक कण एकदम परतले तर यंत्र सर्वांत आधीं आलेल्या, म्हणजे गोळ्याच्या पुढच्या भागावरील कणालाच मोजील, आणि अंतर थोडें कमी भरेल. प्रकाश जितका अधिक, तितकी ही खोट अधिक. पण एका वेळीं एकच कण घेतला, तर तो कधीं पुढच्या, कधीं बाजूच्या परावर्तकावरून येतो. असे हजारों कण जमले कीं त्यांची सरासरी कोणाकडेही झुकत नाहीं. मग गोळ्याच्या मध्यापर्यंतची सुमारें पाव मीटराची ठराविक बेरीज केली, कीं खरें अंतर मिळतें. यश अधिक दिसावें म्हणून प्रकाश वाढविण्याचा मोह आवरून खरेपणासाठीं तो कमी करावयाचा, हा संयम यंत्रांत नसतो. तो माणसांत असावा लागतो.

याच वृत्तीची खरी परीक्षा २००६-०७ च्या सुमारास झाली. सेकंदास दोन हजार स्पंद सोडणारा नवा लेसर त्या काळांत ठाण्यावर आला, आणि त्याच्यासाठीं काळ मोजणारें नवें यंत्र तयार झालें. लॅजिओसच्या वेधांत तर एका क्षणीं ऐंशींच्या आसपास स्पंद वाटेंतच असत. जुनीं यंत्रें एकाच स्पंदाची जा-ये मोजणारीं असल्यामुळें या कामास पुरेशीं नव्हतीं. नव्याशीं तुलना करतां जुन्या कालमापकांत एक सूक्ष्म वक्रता आढळली. तिच्यामुळें पूर्वींच्या अंतरांत कांहीं मिलिमीटरांची चूक शिरली होती. वर्षानुवर्षांचें काम जगभरच्या गणितांत आधींच मिसळून गेलें होतें. गप्प राहिल्यास ती चूक बाहेरच्या कोणास दिसणें अवघड होतें. ठाण्यानें चूक प्रसिद्ध केली, आणि मागील वर्षांच्या वेधांना कोणत्या दुरुस्त्या लावाव्या हेंही जाहीर केलें.

कांहीं मिलिमीटरांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें, कीं उपग्रह पृथ्वीच्या पृष्ठाभोंवतीं फिरत नाहीं. तो तिच्या वस्तुमानाच्या मध्याभोंवतीं फिरतो. म्हणून अनेक ठाण्यांवरून त्याचीं अंतरें मोजलीं, कीं जो मध्य कोणीं पाहिला नाहीं व कोणास पाहतां येणार नाहीं, त्याचें स्थान गणितानें हातीं येतें. दगडी खांबाच्या ऐवजीं शास्त्रानें हा मध्य मूळ मानला. त्याचा एक चमत्कारिक परिणाम ग्रीनिच येथें दिसतो. एअरीच्या दुर्बिणीखालीं आंखलेल्या रेषेवर प्रवासी एक पाय पूर्व गोलार्धांत व एक पश्चिम गोलार्धांत ठेवून उभे राहतात. परंतु आजच्या मापनाप्रमाणें शून्य रेखांश तेथून सुमारें १०२ मीटर पूर्वेस आहे. एअरीची चूक झाली नव्हती. त्याची दुर्बीण ओळंब्याच्या दिशेवर विसंबून होती, आणि जमिनींतील द्रव्य सर्वत्र सारखें नसल्यामुळें ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे अगदीं नेमका रोखलेला नसतो. खांब प्रामाणिक होता. त्याला आधार देणारी दिशाच तेवढी तिरकी होती.

आणि जागा तर सर्वच सरकत आहेत. ससेक्सची जमीन युरोपच्या भूखंडाबरोबर दर वर्षीं दोन-अडीच सेंटिमीटर ईशान्येकडे जाते. हिंदुस्थानची भूमि त्याच दिशेस जवळजवळ दुप्पट वेगानें सरकते. समुद्राची पातळी दर वर्षीं सरासरी तीन ते चार मिलिमीटर वाढत आहे. ती मोजणारे उपग्रह वरून पाण्यापर्यंतचें अंतर मोजतात. पण ते स्वतः कोठें आहेत हें ठाऊक नसेल तर त्या मोजणीस कांहींच अर्थ नाहीं. जुलै १९९१ मध्यें युरोपानें सोडलेल्या ‘ईआरएस-१’ या उपग्रहाचें स्वतःचें स्थान अचूक कळविणारें रेडिओ-यंत्र थोड्याच दिवसांत निकामी झालें. तेव्हां त्याची कक्षा ठरविण्याचा भार लेसर-ठाण्यांनीं उचलला आणि मोहीम वांचली. भारताच्या ‘नाविक’ मालिकेंतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं आकाशांत गेला, तेव्हां त्याच्याही अंगावर असेच परावर्तक होते. ज्या चौकटींत समुद्राची वाढ मोजावयाची ती चौकटच दर वर्षीं एक-दोन मिलिमीटर घसरली, तर समुद्र वाढला कीं चौकट खचली, हें कोण सांगणार? मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांना हा प्रश्न केवळ विद्वानांचा वाटूं नये.

आतां त्या वेधशाळेचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. दुर्बिणींना कोरडें व उंच आकाश हवें होतें. हर्स्टमन्सूची मोठी न्यूटन दुर्बीण १९७९ मध्यें उतरवून अटलांटिकांतील ला पाल्मा बेटाकडे नेली गेली होती. १९९० मध्यें वेधशाळेचा कारभार केंब्रिज येथें हलला आणि किल्ला विकला गेला. शेवटीं ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस, स्थापनेपासून ३२३ वर्षांनीं, वेधशाळा बंद करण्यांत आली. लेसर-ठाणें मात्र हर्स्टमन्सू येथेंच राहिलें. तें नैसर्गिक पर्यावरणाचें संशोधन करणाऱ्या ब्रिटिश परिषदेच्या छायेखालीं गेलें, आणि वेध चालू राहिले. त्याच १९९८ सालीं जगांतील सर्व लेसर-ठाण्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

ठाणें कां राखलें गेलें? दुर्बीण उतरवून दुसऱ्या डोंगरावर नेली तर तिला तेच तारे दिसतात. परंतु जमिनीचें सरकणें मोजणारें ठाणें उचलून नेलें, तर त्याच्या आयुष्याची वही तेथेंच मिटते. नव्या जागीं नवी वही सुरू होईल. जुन्या वहीचें पुढचें पान मात्र कोणासही लिहितां येणार नाहीं. पांच वर्षें वेध न घेतां मग दुप्पट वेध घेतले, तरी गेलेलीं पांच वर्षें भरून निघत नाहींत. कुळकर्ण्याच्या दप्तराचें मोल त्यांतील एखाद्या पानांत नसतें. एकही वर्ष सुटलेलें नाहीं यांत असतें. राजाश्रय, किल्ला, घुमट, तीन शतकांचें नांव हें सर्व सोडतां आलें. त्या जागेवरून चाललेली नोंद सोडतां आली नाहीं.

लॅजिओस गोळ्याच्या पोटांत एक धातूची पट्टी ठेवलेली आहे. तिच्यावर कार्ल सेगन यांच्या योजनेप्रमाणें पृथ्वीचे तीन नकाशे कोरले आहेत : एक सुमारें २६.८ कोटी वर्षांपूर्वींचा, सर्व खंडें एकत्र असतांनाचा. दुसरा उपग्रह सोडला त्या काळचा. तिसरा आजपासून सुमारें ८४ लाख वर्षांनंतरचा, गोळा पृथ्वीवर परत पडण्याच्या सुमाराचा. तिन्ही नकाशांत एकही किनारा आपल्या जागीं नाहीं. ज्यांनीं जगाला मोजण्याची खूण करून दिली, त्यांनींच तिच्या पोटांत लिहून ठेवलें, कीं येथें अढळ असें कांहीं नाहीं. मग अढळ मानावयाचें तें काय? तो गोळा क्षितिजावर येतांच दर वेळीं मोजावा, प्रकाश हवा त्याहून अधिक घेऊं नये, आणि आपल्या हातून झालेली चूक सांपडली तर ती मागील पानांवर जाऊन दुरुस्त करावी, हा नेम. हर्स्टमन्सूच्या ठाण्यानें वेधशाळा उठून गेल्यावरही सांभाळला तो हाच.